प्रमाण प्रवाशाचे गुडघे

माणसाला बसायला किती जागा लागते, हे माणसाला विचारून कळत नाही. जागा कितीही द्या, तो पाहुण्यासारखा कडेला टेकतो आणि 'झालं की बसून' म्हणतो. हा भिडस्तपणा शास्त्रीय कामात फार आडवा येतो. म्हणून एका विचारी विमान कंपनीने तो सरळ कामालाच लावला आणि 'प्रमाण प्रवासी' असं एक पद निर्माण केलं.

त्या पदावर गेली बावीस वर्षं एकच गृहस्थ बसलेले होते. (हे बोलण्यापुरतं नाही. ते खरोखर बसलेले असत, दहा ते पाच.) उंची मध्यम, वजन मध्यम, स्वभाव गरीब, कचेरीत सगळे त्यांना मापकाका म्हणत. तळघरात विमानाच्या आठ रांगा मांडलेल्या होत्या, आणि खिडक्यांत रंगाने काढलेलं आभाळ. नवं आसन आलं की काकांनी त्यात बसायचं आणि पत्रकावरच्या एकुलत्या एक प्रश्नाचं उत्तर द्यायचं. प्रश्न असा: 'होतंय का?' पर्याय तीन: 'होतंय', 'उत्तम होतंय' आणि 'इतर'. बावीस वर्षांत एकोणीस पुनर्रचना झाल्या आणि एकोणीस वेळा काकांनी 'होतंय'वर खूण केली.

यात खोटं काही नव्हतं. काकांना होतच असे. बसण्याआधी मागच्या खिशातलं पाकीट काढायचं, उजवा गुडघा वाटेकडे, डावा तिरपा, पाऊल पुढच्या आसनाखाली, आणि श्वास अर्धा, ही विद्या त्यांनी मेहनतीने कमावली होती. बसण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नाही, त्यालाच 'बसता येतं का' म्हणून विचारायचं, अशी कंपनीची पद्धत. पट्टीच्या पोहणाऱ्याला विचारून विहीर किती खोल ते ठरवावं, तशी.

विसावी पुनर्रचना मोठी होती. दोन रांगांमधलं अंतर एकतीस इंचांवरून अठ्ठावीसवर आलं. (कंपनीत 'कमी केलं' म्हणत नाहीत, 'सुटसुटीत केलं' म्हणतात.) पाठ मागे रेलायची सोय काढून टाकली, कारण तिच्यावरून प्रवाशांत भांडणं होतात आणि कंपनीला भांडणं बघवत नाहीत. गादी पातळ झाली, तेवढं विमान हलकं झालं. तीस रांगांच्या तेहतीस झाल्या, वर सहा इंच उरले. त्या सहा इंचांचं काय करायचं यावर समिती बसली आहे. (समितीच्या खुर्च्यांना चाकं आहेत.)

काका नव्या आसनात बसले आणि त्यांचे गुडघे पुढच्या पाठीला लागले. टेकले म्हणाल तर नाही, चांगले रुतले. तरी हात सवयीने 'होतंय'कडे निघालाच होता. तेवढ्यात त्यांना आठवलं, की पुढच्या महिन्यात याच विमानाने काकूंना न्यायचं आहे.

मुलगी परदेशी, पहिलं बाळंतपण, अकरा तासांचा प्रवास. कंपनी नोकरांच्या घरच्यांना तिकिटं देते, ती हातात आली होती, रांग एकतिसावी. काकूंनी तीस वर्षं शिवणयंत्राचं पायडल मारलं होतं आणि गेल्याच वर्षी उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाय लांब करता आला पाहिजे, नाहीतर केलंसवरलं सगळं पाण्यात. आणि काकूंशिवाय मुलीला तिकडे कोणी नव्हतं. (जावई आहेत. पण ते जावई आहेत.)

काकांनी एक दिवसाची मुदत मागितली, आणि काकूंना तळघरात आणायची परवानगी. आरेखन विभागाच्या प्रमुख बाईंनी ती आनंदाने दिली. घरच्या माणसांनी कौतुकाने बघायला यावं असंच काम झालं आहे, असं त्यांचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी काकू ठेवणीतले कपडे घालून आल्या. भोवती आठ जण उभे राहिले. एकीने काकूंची पर्स धरली, एकाने चहा धरला. काकू वाकल्या, सरकल्या आणि आत शिरल्या. गुडघा अडला तशी त्यांच्या तोंडावरची कळा क्षणभर उतरली.

बाईंनी वाकून विचारलं, "होतंय ना, काकू?"

"होतंय की," काकू हसून म्हणाल्या. "अकरा तास काय, आत्ता जातील."

त्यांच्या अंगठ्याचं नख आसनाच्या हातात रुतून पांढरं पडलं होतं. ते फक्त काकांना दिसलं. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, पण समोरून कधी पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि बायकोसाठी जीव तुटला. त्यांनी पत्रक घेतलं आणि 'इतर'समोर लिहिलं: 'होत नाही.'

घरी जाताना त्यांनी विचारलं, "तू होतंय कशाला म्हणालीस गं?"

"अहो, आठ माणसं उभी होती. त्या पोरीने माझी पर्स धरली होती. नाही कसं म्हणायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही." मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पण मला एक कळत नाही. कापड कमी पडलं तर आम्ही गिऱ्हाइकाला तसं सांगतो. गिऱ्हाईक नाही कापत."



कंपनी मात्र न्यायी होती. बावीस वर्षांतला पहिला आक्षेप तिने गांभीर्याने घेतला. एका माणसाच्या मतावर विसंबू नये, थेट प्रवाशांनाच विचारावं, असं ठरलं. (तोवर विमान नव्या आसनांसह उडेल, कारण आसनं आधीच बसवून झाली होती.) दारात बटणांचा एक फळा लावला. वर छातीच्या उंचीवर हसरा हिरवा चेहरा, मधे गंभीर पिवळा, आणि खाली गुडघ्यापाशी रडका लाल. उतरताना एक दाबायचा. चार हजार प्रवाशांपैकी सत्त्याण्णव टक्क्यांनी हिरवा दाबला. अकरा तासांनी प्रथमच उभं राहायला मिळाल्यामुळे ते खरोखर आनंदात होते. लाल तिघांनी दाबला. चौकशीत निष्पन्न झालं, की एक लहान मूल होतं, एक बॅग होती, आणि एक गृहस्थ पायाला मुंग्या आल्याने तोल जाऊन पडले होते. उरलेल्यांनी थांबायला वेळ नाही म्हणून काहीच दाबलं नाही. ते समाधानी धरले गेले.

तेव्हा काका गणिताने चुकीचे ठरले. चार हजार लोक 'होतंय' म्हणायला स्वतः तिकीट काढून येत असताना त्यासाठी पगारी माणूस कशाला, असा रास्त विचार होऊन ते पद रद्द झालं. तिकिटं तेवढी परत घेतली नाहीत. कंपनी मनाने मोठी आहे.

काका-काकू निघाले. अकरा तासांपैकी सात तास काकू शौचालयाजवळ उभ्या होत्या, आणि सोबतीला काका. येणारे लोक त्यांनाच रांग समजून मागे थांबत. उरलेले चार तास त्या बसल्या, आणि पट्टे बांधा म्हटल्यावर उठताही येईना. उतरेपर्यंत गुडघा भोपळ्याएवढा झाला होता.

दारात काका फळ्यासमोर थांबले आणि हळूहळू वाकू लागले. मागची माणसं खोळंबली.

"काका, दाबा ना काहीतरी. सगळे थांबलेत," मागून आवाज आला.

काकूंनी मान वळवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी भीड सोडली. "थांबू देत," त्या म्हणाल्या. "खालचं दाबायचंय. वाकायला वेळ लागतो."

काकांनी लाल दाबलं. बाहेर मुलगी वाट बघत होती, दिवस भरत आलेले. आईला चालताना पाहून तिने तोंडावर हात घेतला. बाळंतपण करायला आई आली, आणि पहिले आठ दिवस लेकच आईचा पाय शेकत बसली.

काकांच्या मागे जे उभे होते, ते तुम्ही. रागावू नका. तुम्ही आवाजही चढवला नव्हता, अगदी सभ्यपणे बोललात. मग पुढे झालात, आणि फोनवरची नजर न काढता हाताला आला तो हिरवा चेहरा दाबलात. एकविसावी पुनर्रचना सत्तावीस इंचांची आहे, आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर तुमचे आभार मानले आहेत.