पुजलेल्या स्प्रिंगा

मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही. (न्हाव्यापुढेसुद्धा. डाव्या कानामागची खूण त्याला साक्ष आहे.) तरीही आमच्या कापसाच्या जिनिंगचे मालक व्यंकटराव यांनी डिझेल ट्रकच्या इंजिनासाठी वाल्वच्या स्प्रिंगा निवडायचं काम माझ्यासारख्या कारकुनाला सांगितलं.

नांदेडहून आठ-आठ स्प्रिंगांचे दोन संच आले, एक साधा, एक कडक. दिसायला सारखेच, फक्त कडक स्प्रिंगांवर ओळखीसाठी लाल ठिपका. कडक घातल्या तर गाडी चढाला जोर धरते, पण बाकीचे भाग लवकर झिजतात, असं वैजीनाथ मिस्त्री म्हणाले. मी सकाळी कडक ठरवायचो आणि जेवणानंतर साध्या. शेवटी दोन्ही संच घरी आणले आणि खाटेवर लोळत एकेक स्प्रिंग दाबून पाहू लागलो.

दसऱ्याला याच ट्रकमधून गंगाखेडला, माझ्या सासुरवाडीला जायचं होतं. कोकिळा, म्हणजे आमचं कुटुंब, दोन वर्षं माहेरी गेली नव्हती. सासरे आजारी होते. 'औंदा लेकीच्या हातचं सोनं घेईन' असा त्यांचा निरोप होता.

खंडेनवमीला मी आंघोळ करून येतो तो काय, साऱ्या स्प्रिंगा पाटावर! शेजारी विळी आणि माझा लिहायचा टाक. सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडूचा ढीग.

"अगं, हे काय केलंस?"

"हत्यारं पुजली. आता उद्यापोतर हात लावायचा न्हाई."

"मिस्त्री खोळंबलेत!"

"त्यायला इचारलंय मी. उद्या सकाळी बसवतो म्हणले. तुमी तेवढा दम धरा."

दम! (हा जिन्नस आमच्या घराण्यात पिकत नाही.) दुपारी ती शेजारच्या कमलबाईंकडे गेली आणि मी फुलांखाली हात घातला. लाल ठिपका शोधू लागलो, तर कुंकवानं सगळ्याच लाल! पुसावं तर स्प्रिंगांना लावलेल्या तेलात ते आणखीच पसरलं. तेवढ्यात अंगणात बांगड्या वाजल्या. हाताला लागल्या त्या आठ स्प्रिंगा धोतराच्या सोग्यात घेतल्या, फुलं सारखी केली आणि मागच्या दारानं पळालो.

"कंच्या ठरल्या, मुनशीजी?" मिस्त्रींनी विचारलं.

"कडक!" मी ठासून सांगितलं.

"अन् हे कुंकू?"

"शुभ असतं. बसवा लवकर."

दसऱ्याला पोखर्णीच्या पुढे इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. मिस्त्रींनी वरचं झाकण काढलं. कोकिळाही वाकून पाहू लागली. तेलात कुंकू, आणि एका स्प्रिंगेच्या वेढ्यात झेंडूची पाकळी.

"मुनशीजी, काही कडक, काही नरम! वाल्वची दांडी वाकली की हो!"

कोकिळेनं ती पाकळी उचलून पदराला बांधली. मला त्याचीच लय भीती वाटली.

बैलगाडीनं पोचलो तेव्हा दिवे लागून गेले होते. सासरे उशीला टेकून जागेच होते. तिनं त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि रडू लागली.

"उशीर कामून झाला, बाई?"

"गाडी बिघडली, दादा," एवढंच ती म्हणाली. माझं नाव तिनं घेतलं नाही. मला खरोखर लाज वाटली. (पुरा दिवसभर टिकली.)

पुढच्या खंडेनवमीला तिनं विळी मांडली, टाक मांडला, शेजारी एक रिकामा पाट टाकला आणि मला त्यावर बसवलं. कपाळाला हळदकुंकू लावलं, डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं.

"आता उद्यापोतर हलायचं न्हाई."

"अगं, मी काय हत्यार आहे?"

"मंग? तुमच्यावानी धोक्याचं हत्यार घरात दुसरं हाय का?"