सोनगीरचा रस्ता बंद आहे

धुळ्याहून शिरपूरला जायचं असेल तर नाना सोनगीरवरून जात नाहीत. सोनगीरचा रस्ता बंद आहे, असं ते सांगतात. हा मुंबई–आग्रा महामार्ग आहे आणि त्यावर ट्रकची रांग तुटत नाही. नाना मात्र चिमठाणे, शिंदखेडा, नरडाणा असा वळसा घालतात. शिरपूरहून थेट आलेल्या पाहुण्याकडं ते संशयानं बघतात. "कसा उना तू? रस्ता तर बंद शे."

मी धुळ्यातल्या देवपुरात त्यांच्या शेजारी राहतो. वार्ताहर असल्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फोन करून खात्री करून घेतली. रस्ता चालू होता. नानांना तसं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडे असेल."

त्यांच्याकडे म्हणजे पुढच्या खोलीतल्या टेबलावर. तिथं धुळ्यापासून शिरपूरपर्यंतचा मुलूख मांडलेला आहे. भुशाची शेतं, काचेची तापी, मधोमध सोनगीरचा किल्ला आणि बोटाच्या पेराएवढे रंगवलेले शिपाई. नाना सरकारी कचेरीत नकाशे काढून निवृत्त झाले, त्यामुळे एकूण एक नाला आपापल्या जागी आहे. इतिहास मात्र त्यांचा स्वतःचा आहे. त्यात कंपनी सरकारला सोनगीर घेताच आला नाही. वेढा पडला तो अजून उठलेला नाही.

लहानपणापासून ते शाडूचे शिपाई करून असं खेळायचे. मध्ये सगळं सुटलं. निवृत्तीनंतर भाच्यानं मोबाइलवर परदेशातली मोठी माणसं टेबलावर लढाया खेळताना दाखवली. त्यांच्यातले काही जण इतिहासच वेगळा धरून खेळत होते. नानांनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि विचारलं, "म्हणजे घडलेली गोष्ट घडलीच नाही, असं धरलं तर नियमात बसतं?"

"बसतं की."

दुसऱ्या दिवशी नानांनी स्वयंपाकघराचं दार काढून त्याचं टेबल केलं. तिथं आजही पडदा आहे.

टेबलावर माणूस पडला की नाना सुतक पाळतात. दाढी करत नाहीत, गोड खात नाहीत. समोरच्या अक्का त्यांचे वाढलेले खुंट बघून विचारतात, "आज कोन गया, नाना?"

"तोफखान्याचा हवालदार."

"मंग लाडू परत नेते. तुमचा हवालदार नेमका माझ्या लाडवांच्या दिवशीच मरतो."

नानांच्या धाकट्या भावाबद्दल मला अक्कांनीच सांगितलं. प्रकाश शिरपूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि लग्न झाल्यावरही दर रविवारी दादाबरोबर खेळायला धुळ्याला यायचा. तरुणपणीच, असाच येताना वाटेत अपघातात गेला. "त्यांच्यासमोर काढू नका," अक्का म्हणाल्या.

मे महिन्यातल्या एका दुपारी नानांनी मला खेळायला बोलावलं. शिपाई पडू नयेत म्हणून पंखा बंद होता आणि धूळ नको म्हणून खिडक्याही बंद होत्या. मला शिरपूरकडची फौज मिळाली. वेढा फोडून किल्ला सोडवायचा, म्हणजे मी जिंकलो. फौज तपासताना मला एक विसंगती दिसली. घोडदळ, तोफा, बैलगाड्या, आणि तापीपलीकडे शिरपूरपाशी एक मोटारसायकल. तिच्याजवळ उभ्या माणसाच्या हातात हत्यार नव्हतं.

"हा कोण?"

"तो लढत नाही."

मला खेळ येत नव्हता. त्यामुळेच बहुधा माझे फासे चांगले पडत गेले. ऊन उतरायच्या आत माझं घोडदळ किल्ल्याच्या पायथ्याशी पोचलं. नानांच्या कपाळावरचा घाम वेढ्याच्या तंबूंवर पडला, तो त्यांनी पुसला नाही. आणखी एक दान बरं पडलं असतं तर वेढा फुटला असता.

"नाना, जिंकतोय मी. रस्ता मोकळा होणार तुमचा."

"आवाज येस का?" त्यांनी विचारलं.

मी कान दिला. महामार्ग त्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. एरवी भिंतीसुद्धा हादरतात. त्या वेळी एकही ट्रक ऐकू येत नव्हता. बंद खिडक्यांमुळे असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

"बंद शे तवलोंग बरं शे," नाना म्हणाले. "तो तठे अडकेल शे, पन खुशाल शे. रस्ता उघडना तर प्रकाश निंघी."

मी मोटारसायकलकडं पाहिलं. तिचं तोंड सोनगीरकडं होतं. टेबलावर सगळीकडं भुशाची धूळ होती, त्या माणसावर नव्हती.

फासे माझ्या मुठीत होते. ते मी खाली ठेवले.

"नाना, माझी फौज मागे घ्यावी लागतेय. दारूगोळा तापीपलीकडेच राहिला. नदीला पूर आलाय."

नानांनी चष्मा वर केला. "मे महिन्यात?"

"तुमच्याकडे येत असेल."

नियमात बसतं की नाही, याचा त्यांनी बराच वेळ विचार केला. मग उठले, पडद्याआडून तांब्या आणला आणि काचेच्या तापीवर सावकाश पाणी ओतलं. दोन्ही काठांवरचा भुसा भिजला. टेबलाच्या कडेवरून पाणी फरशीवर ठिबकू लागलं. मी माझे घोडे एकेक करून मागे घेतले.

नाना वाकले आणि मोटारसायकलजवळच्या त्या माणसाला हलक्या आवाजात म्हणाले, "पूर शे, भो. आज नको निंघू."