कोरड्या वाडीचा तांडेल

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही गचाळ आहे, माफ करा. चौथीनंतर वहीला हात लावला नव्हता. पण हसनचाचांबद्दल लिहावंसं वाटलं.

मदिनेच्या बाहेरून आम्हा पाच बायकांना शाळेच्या साफसफाईला नेणाऱ्या गाडीचे ते ड्रायव्हर. वाटेत एक कोरडी नदी लागते. तिथे रोज गाडी थांबवून चाचा पँट गुडघ्यापर्यंत दुमडतात. पात्रात थेंबभर पाणी नाही आणि हे गाडीत बसलेले! मग डोंगराकडे बघून विचारतात, "उतारू बसले सगळे?"

"चाचा, वाळूत बुडणार काय आपण?" आमच्यातली रुकय्या रोज टोमणा मारते.

अरबीत अशा नदीला वादी म्हणतात. चाचांनी नवीन असताना 'वाडी' ऐकलं. "अख्खा दिवस घरं शोधली. एक कौल दिसेना!" अजून ते वाडीच म्हणतात.

गावी कोकणात ते सावित्री नदीवर होडी चालवणारे तांडेल होते. त्यांच्या आजोबांच्या काळी रस्ता नव्हता. नवरी, म्हैस, मयत, सगळं होडीतून. पुरात झाडं मुळासकट यायची, काठावर मगरी. "नदी कोणाच्या बापाची नाय," हे चाचांचं पालुपद. आमचे कान किटले. भाकऱ्या थापून पहाटे निघालेल्या आम्ही, आम्हाला झोप हवी असते.

एकदा डोंगरावर काळं आभाळ दिसलं. चाचांनी किल्लीच खिशात टाकली. "आज नाय. तिकडं पडला की वाडीत एकदम लोंढा येतो."

"खाडा पडेल!" रुकय्या ओरडली. "साठ रियाल तुम्ही देणार काय?"

"देईन. सगळ्यांचे."

दुपार झाली. पाणी आलंच नाही. चाचांनी थर्मासमधला चहा वाटला, प्रत्येकीचं माहेर विचारलं. "होडीत असेच बसायचे लोक, पाणी उतरेस्तोवर," म्हणाले. "पूल झाला, नि कोण थांबेना."

पगारातून खाडा कापला गेला. तेव्हापासून चाचा दर शुक्रवारी पाचही घरी जाऊन दहा दहा रियाल देऊ लागले. आमचे हे म्हणाले, "चाचा, राहू द्या आता."

"नाय, शब्द दिलाय."

दहा रियाल द्यायला तासभर बसायचे. पोरांना मगरीची गोष्ट सांगायचे, पोरं इंग्रजीतून शंका काढायची.

काल शेवटची नोट ठेवली. "खलास. फिटलं सगळं," म्हणाले. चहा कधीच संपला होता, तरी उठेनात.