बेचक्यातले किसनराव

दाराच्या चौकटीत उभे राहिले की किसनराव दिसत, चौकट दिसत नसे. मलकापूरहून बोलावलेले फोटोग्राफर वामनराव पुन्हा एकदा काळ्या कापडाखालून बाहेर आले आणि कपाळ पुसत म्हणाले, "नाही जमत. माणसाभोवती चौकट हवी. इथे चौकटीला जागाच उरली नाही."

किसनराव नांदुऱ्याजवळच्या एका गावचे मोठे शेतकरी. जिल्हा कौन्सिलच्या निवडणुकीला उभे होते. त्यांच्या विरुद्ध शेजारच्या गावचे, अंगानेही त्यांच्याच तोडीचे नारायणराव, आणि त्यांनी अकोल्याला जाऊन खुर्चीत बसून फोटो काढून आणला होता. तो फोटो त्यांच्या बैठकीत लागल्यापासून किसनरावांना झोप नव्हती. आपला फोटो त्याहून भारी पाहिजे, एवढीच त्यांची अट होती.

वामनराव मुंबईत काम शिकून आले होते आणि येताना एक ठाम मत घेऊन आले होते. "माणूस मोकळ्यावर उभा केला की पाहणाऱ्याची नजर भटकते," ते म्हणत. "त्याला दारात, खिडकीत, कमानीत धरायचं. नाहीतर झाडाच्या फांद्यांत. मग नजर सरळ माणसावर जाते."

दार संपलं, म्हणून खिडकी झाली. किसनराव आत बसले आणि गजांमधून बाहेर पाहत त्यांनी मिशीला पीळ दिला. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"चांगलं दिसते," त्या म्हणाल्या. "फक्त कोनी इचारलं, कितीची सजा झाली, तं काय सांगाचं तेवढं ठरवून ठेवा."

किसनराव खिडकीतून उठले.

शेवटी वामनरावांची नजर घरासमोरच्या, रस्त्याकडेच्या कडुनिंबावर गेली. पुरुषभर उंचीवर त्याचा बुंधा फुटून दोन जाड फांद्या वर गेल्या होत्या, आणि मध्ये झकास बेचकं होतं. दोन्हीकडून फांद्या, वरून पाला. "ही निसर्गाची चौकट," वामनराव हरखून म्हणाले. "यात तुम्ही राजासारखे दिसाल."

राजासारखे म्हटल्यावर किसनरावांनी पुढचं काही ऐकलं नाही. त्यांचा गडी तुळशीराम याने बैलगाडी झाडाखाली आणली. गाडीवर चढून किसनराव बेचक्यात बसले. गाडी फोटोत येत होती, म्हणून तुळशीराम ती गोठ्याकडे सोडून आला.

"जरा आत सरका," वामनराव म्हणाले. किसनराव सरकले. "अजून थोडं." किसनराव श्वास सोडून अजून थोडं सरकले. कॅमेऱ्याची टोपी निघाली, परत बसली, फोटो झाला.

"उतरा आता."

किसनराव उतरले नाहीत.

"उतरताय ना?"

"मी उतरून राह्यलो," किसनराव दबक्या आवाजात म्हणाले. "झाड सोडून नाही राह्यलं."

तुळशीरामाने एक पाय धरून ओढला. त्यामुळे किसनराव होते त्याहून खाली गेले आणि पक्के बसले. "चार मानसं बोलावतो, मालक," तो म्हणाला.

"खबरदार. कौन्सिलले उभा मानूस झाडात फसला, हे गावात समजलं तं मत कोन देईन? कोनाले बोलवाचं नाही. रस्ता मोकळा झाला की पाहू."

पण तो नांदुऱ्याच्या बाजाराचा दिवस होता. माणसं टोपल्या घेऊन परतू लागली होती, आणि त्यांच्यामागून एक दमणी येताना दिसली. दमणीत नारायणराव होते. त्यांनी बैल थांबवले.

"रामराम, किसनराव. वर काऊन बसले जी?"

"हवा खाऊन राह्यलो."

"खाली नाही काय हवा?"

"हाये ना. ते तुमच्यासाठी ठेवली."

नारायणरावांनी झाडाकडे पाहिलं, किसनरावांच्या लोंबत्या पायांकडे पाहिलं, मग दमणीतली घोंगडी काढून झाडाखाली अंथरली. "मंग मीबी बसतो," ते म्हणाले. "तुमी उतरले की संगच जाऊ."

दोन मोठी माणसं, एक वर आणि एक खाली, अशी बसलेली पाहून बाजारची माणसं थांबली. थांबलेली पाहून आणखी थांबली. किसनराव पाल्यातून आभाळ बघत होते. घोंगडीवर पान जुळवता जुळवता नारायणराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मले तं वाटते, त्याईले उतरताच येत नाही."

गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं.

तेवढ्यात वच्छलाबाई डोक्यावरचा पदर सारखा करत पुढे आल्या. त्यांच्या मुलीने, कोकिळाने, गावातली चौथी पास केली होती आणि तिला बुलडाण्याला मामाकडे राहून पुढे शिकायचं होतं. दसऱ्यापासून वच्छलाबाई नवऱ्याची समजूत घालत होत्या. किसनरावांचं उत्तर ठरलेलं, "पोरगी शिकून काय बालिस्टर होते?"

"उतरता काऊन नाही येईन?" वच्छलाबाई नारायणरावांना म्हणाल्या. "ते मुद्दाम बसले. कोकिळाले बुलडाण्याले शिकाले धाडून राह्यले ना. साऱ्या गावाले आयकू जावं, म्हनून उचावर जाऊन बसले. आता सांगाले लाजून राह्यले."

किसनरावांनी वरून असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर घरात गेली असती. वच्छलाबाई दोन पावलं आणखी पुढे आल्या.

"सांगा ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "का मी सांगू, काऊन बसले ते?"

किसनरावांनी नारायणरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर निवडणूक जिंकल्याचं समाधान आताच पसरत होतं. किसनरावांनी उजवा हात वर केला.

"हाव," ते म्हणाले. "कोकिळा बुलडाण्याले जाईन."

"किती शिकन?" वच्छलाबाईंनी विचारलं.

किसनरावांना खालून फांदीची गाठ बोचत होती. "जेवढं असन तेवढं," ते कळवळून म्हणाले. त्यांच्या आवाजातला तो कंप ऐकून दोन म्हाताऱ्यांनी डोळ्यांना पदर लावला. वामनराव केव्हाच काळ्या कापडाखाली शिरले होते. त्यांनी तो हात, तो चेहरा आणि ती चौकट पकडली.

मुलीसाठी झाडावर चढलेला बाप त्या गावाने पाहिला नव्हता. लोक बोलत बोलत पांगले. नारायणरावांनी घोंगडी झटकली आणि ते दमणीत बसले.

रस्ता मोकळा झाल्यावर करडीचं तेल आलं, खाली कडबा पसरला गेला, आणि वामनरावांनी व तुळशीरामाने खालून खांदे लावले. किसनराव कडब्यात आले. त्यांच्या धोतराचा बराचसा भाग वरच राहिला.

फोटो मात्र असा आला की किसनराव स्वतःच कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. गावोगावची माणसं तो पाहायला येऊ लागली. कोकिळा बुलडाण्याला गेली, आणि बापाने झाडावरून दिलेल्या शब्दाची गोष्ट तालुकाभर झाली. ती ऐकून ऐकून नारायणरावांनी आपल्या बैठकीतला खुर्चीतला फोटो उतरवून ठेवला.

त्यांच्या पत्नी सोजराबाईंना खरी हकीकत वच्छलाबाईंकडून समजली होती. नवऱ्याला त्या एवढंच म्हणाल्या, "खुर्ची का, कोनाच्याबी घरी असते. तुमीबी झाडातच काढा."

एका सकाळी नारायणराव वामनरावांना घेऊन कडुनिंबाखाली हजर झाले. सोजराबाई सोबत होत्या. माहेरी काही महिने राहायला जायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि ते नवऱ्याला अजून सांगायचं होतं.

"किसनराव, जागा तुमची, म्हनून इचारतो," नारायणराव जरा ओशाळून म्हणाले. "बसाले तरास तं नाही होत?"

किसनरावांनी बेचक्याकडे पाहिलं. मग ओट्याकडे पाहिलं. तिथे वच्छलाबाई आणि सोजराबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

"बसाले काहीच तरास नाही," ते म्हणाले, आणि हे अगदी खरं होतं.

त्यांनी स्वतः गोठ्यातून शिडी आणली, झाडाला लावली आणि नारायणराव चढेपर्यंत घट्ट धरून ठेवली. नारायणराव बसले, सरकले, आणखी सरकले. ते नीट बसले अशी खात्री झाल्यावर किसनरावांनी शिडी खांद्यावर घेतली आणि ते सावकाश गोठ्याकडे चालू लागले.