प्रोफेसरांची अर्धी मिशी

उस्तादांच्या सलूनमध्ये दोन गोष्टी फुकट मिळायच्या. दाढी झाल्यावर तुरटी, आणि दाढी होईपर्यंत राजकारण. त्यातली तुरटी कमी झोंबायची.

उस्ताद अण्णांचे कट्टर माणूस. अण्णा म्हणजे या भागातून आजोबांच्या काळापासून निवडून आल्यासारखे वाटणारे पुढारी. त्यांच्या भरघोस मिशीला आकार देण्याचा मान उस्तादांचा, आणि त्या मानावर उस्तादांचं दुकान चाललं होतं. हल्ली मात्र समोरच काचेचं नवं सलून उघडलं होतं. तिथे थंडगार हवा होती, फिरत्या खुर्च्या होत्या, आणि उस्तादांची दोन जुनी गिऱ्हाइकं मान खाली घालून तिकडे जाताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

अशात मतदान आठवड्यावर आलेलं असताना अण्णांचा विरोधी उमेदवार आपल्या पायांनी चालत दुकानात शिरला. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. दोनदा आपटलेला माणूस. त्याच्या भाषणात 'संरचनात्मक विषमता' आली की पुढची रांग उठून जायची. मागे रांग नसायचीच.

"दाढी करा, उस्ताद. मिशी जरा खालून सारखी करा."

"करतो की. गिऱ्हाईक म्हणजे देव. मत तेवढं मागू नका."

"नाही मागत. एकच विचारतो. तुम्ही दिवसभर उभे असता. पाय दुखत नाहीत?"

"दुखतात तर! पण खुर्ची रिकामी झाली की टेकतो घटकाभर."

"आणि वहिनी बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत ना? त्यांना टेकू देतात?"

झालं! उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांकडे वळले. "ऐकलंत? हा असा यांचा पक्ष! आज म्हणतील बायकांना बसायला स्टूल द्या. उद्या म्हणतील पुरुषाएवढा पगार द्या. परवा बाई घरात उलट बोलेल, आणि मग घर..." इथे त्यांनी अण्णांच्या सभेत फेकतात तसा हात फेकला. हातात वस्तरा आहे हे ते साफ विसरले होते. "...मोडलं!"

घर शाबूत राहिलं. प्रोफेसरांची डावी मिशी मात्र अलगद टॉवेलवर येऊन पडली.

प्रोफेसरांनी आरशात पाहिलं, मग टॉवेलवर पाहिलं, मग पुन्हा आरशात.

"उरलेली काढतो, साहेब," उस्ताद चाचरत म्हणाले. "चेहरा मोकळा दिसेल."

"नको नको! भिंतीभिंतीवर मिशीवाला फोटो लावलाय. सगळी काढली तर आमचेच कार्यकर्ते विचारतील, आपण कोण?" प्रोफेसरांनी घड्याळ बघितलं, तोंडाला रुमाल लावला आणि ते तसेच कारखान्याच्या फाटकावरच्या सभेला धावले.

भाषणाला रुमाल काढावाच लागला. आणि तीन निवडणुकांत पहिल्यांदा पाळी सुटलेली माणसं प्रोफेसरांपुढे थांबली. प्रोफेसरांनी "बंधू आणि भगिनींनो, संरचनात्मक..." एवढं म्हणताच एक पॅकिंगवाली ओरडली, "ते राहू दे बाजूला. आधी मिशीचं सांगा!"

दुसरा कुणी असता तर उस्तादांच्या नावानं खडे फोडून मोकळा झाला असता. पण प्रोफेसर भला माणूस. "काही नाही, बोलता बोलता झालं," ते म्हणाले. "उस्तादांनाच विचारा."

मग काय! दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांना दाढीच येत नव्हती तेसुद्धा बाकावर हजर. काचेच्या सलूनवाल्याने रात्रीतून आवई उठवली होती की उस्तादांचं वय झालं, हात थरथरतो.

"खरं का हो, उस्ताद?" बसड्रायव्हरनं हनुवटी हातानं झाकत विचारलं. "नाही, मी आपला केसच कापून घेईन म्हणतो."

भाषण ठोकताना वस्तरा फिरला असं सांगावं, तर कोण मान पुढे करणार? हात थरथरला म्हणावं, तर दुकानच बंद. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तोंडातून निघून गेलं, "हात? हा हात दगड आहे दगड! तो प्रोफेसर बोललाच असं, की देवाचासुद्धा हात हलला असता."

"असं? काय बोलला?"

आता आली का पंचाईत! उस्तादांनी मिनिटभर वस्तरा पट्ट्यावर घासला. मग आठवेल तसं रेटलं. "म्हणाला, उस्ताद, तुम्ही घरी आलात की बसता. तुमची बायको दिवसभर कारखान्यात उभी, घरी आली की पुन्हा ओट्यापाशी उभी. ती बसते कधी? आडवी होते तेव्हाच ना? म्हणाला, कारखान्यात बिस्किटांना टेबल आहे हो. बाईला स्टूल नाही!"

यातलं निम्मं प्रोफेसर बोललेच नव्हते. पण उस्तादांच्या जिभेवर आलं की कुठलीही गोष्ट खरी वाटायची. बसड्रायव्हरची बहीण पॅकिंगलाच होती. "बिस्किटांना टेबल," तो पुटपुटला आणि त्यानं मुकाट्यानं दाढी करून घेतली.

दुकान वाचलं! पण रोज नवी गिऱ्हाइकं, रोज तीच चौकशी. उस्ताद कलाकार माणूस, तेच तेच सांगणं जमेना. मग गोष्टीत सुजलेले पाय आले, मुकादमाची शिटी आली, सारख्या कामाला कमी पगार आला. प्रोफेसरांना दोन निवडणुकांत जे सांगता आलं नाही, ते उस्ताद एका दाढीत सांगू लागले. वर प्रत्येकाला बजावायचे, "मत मात्र अण्णांनाच हं! हे आपलं हात का हलला एवढ्यापुरतं."

घरी बायकोनं गरम भाकरी वाढत विचारलं, "तुम्ही म्हणे आमच्या स्टुलासाठी भांडता?"

"छे! मी कशाला..." म्हणता म्हणता त्यांनी तिच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशा कौतुकानं तिनं कधी बघितलं नव्हतं. उस्तादांना फार बरं वाटलं. त्यांनी घास घेतला आणि विषय तसाच राहू दिला. भाकरी वाढताना ती उभी होती, हेही तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं.

मतदानाला उस्ताद केंद्र उघडताच गेले आणि अण्णांच्या चिन्हासमोरचं बटण ठासून दाबून आले.

प्रोफेसर निवडून आले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी अण्णा दुकानात आले. खुर्चीत बसले, डोळे मिटले. उस्तादांनी फेस लावला आणि वस्तरा त्या भरघोस मिशीशी नेला.

"उस्ताद," अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "प्रोफेसर काय, त्याला बोलताच येत नाही. कारखान्यात हे स्टुलाचं खूळ पसरवलं कुणी? नाव सांगा फक्त."

बाकावरची सगळी माणसं एकदम छताकडे बघायला लागली. तेवढ्यात दारातून उस्तादांची बायको डबा घेऊन आत आली आणि अभिमानानं म्हणाली, "दुसरं कोण असणार, अण्णा? आमच्या ह्यांनीच!"

खस्स!

अण्णांनी डोळे उघडले. आरशात पाहिलं. मग टॉवेलवर पाहिलं.

बसड्रायव्हरला राहवेना. त्यानं अगदी आदरानं विचारलं, "उस्ताद, अण्णा आज असं काय बोलले हो?"

उस्तादांनी वस्तरा खाली ठेवला, लहान मुलांचे केस कापायचं कोपऱ्यातलं स्टूल पायानं ओढलं, आणि आधी बायकोला म्हणाले, "तू बस."