खैरनार काका आणि कुणाचीच नसलेली जिलेबी

आमच्या सोसायटीचे खैरनार काका लिफ्टमध्ये पाय ठेवण्याआधी तिची नाडी बघतात. खिशातून लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर काढायचा, टोक लिफ्टच्या चौकटीला, मूठ स्वतःच्या कानाला, आणि डोळे मिटायचे. मागे आपण दूध-भाजीच्या पिशव्या घेऊन उभे असलो तर उभंच राहायचं. मग डोळे उघडून ते निकाल देतात, "बेअरिंग बोलतंय. पण अजून ओरडत नाही. चला."

काकांचं सगळं आयुष्य सातपूरच्या एका कारखान्यात, मेंटेनन्समध्ये गेलं. यंत्राच्या पोटातलं दुखणं असं ऐकून ओळखायची तिथे पद्धत आहे. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण ही सवय सुटली नाही. पाण्याचा पंप, माझा मिक्सर, देशमुख आजींचा फ्रिज, सगळ्यांना त्यांचा कान लावून झालाय. मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे प्रत्येक निदान आधी माझ्या दारात येतं आणि बहुतेक वेळा माझ्या जेवणाच्या वेळेला येतं. दार उघडलं की नमस्कार वगैरे काही नाही. "ताई, पंप खोकतोय." एवढं सांगून काका जिना उतरायलाही लागलेले असतात. याहून फार लांब वाक्य तोवर त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

जिलेबी ही आमच्या गेटवरची तांबूस कुत्री. शेपटी गोल, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. ती कुणाची, असं विचारलं की काका लगेच म्हणणार, "माझी नाही. कॉमन प्रॉपर्टी." ही कॉमन प्रॉपर्टी सकाळी काकांबरोबर फिरायला जाते, दुपारी काकांच्या पायपुसण्यावर झोपते आणि तिचा वाडगा काकांच्या सिंकमध्ये घासला जातो. वादात न पडणं बरं.

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. एका सकाळी मी गाडी काढायला खाली आले, तर पार्किंगमध्ये जिलेबी आडवी पडलेली. दोनदा उलटी झालेली, मान उचलेना, बिस्किटाकडे बघेना. भोवती माणसं जमली होती आणि जमलेला प्रत्येक जण डॉक्टर होता. देशमुख आजी ओवा घेऊन आल्या होत्या. वॉचमन म्हणाला, नजर लागली. मीही पर्समधून उलटीची गोळी काढली आणि अर्धी देऊ का, असं विचारलं.

"ट्रॅक्टरचं ऑइल स्कूटरला घालता का, ताई?" काका म्हणाले.

मी गोळी परत ठेवली.

"कोणी काही भरवायचं नाही," त्यांनी जाहीर केलं. "काल चालू असलेलं मशीन आज बंद पडलं, तर आधी एकच विचारायचं. मधे बदललं काय?" आणि तिथेच चौकशी सुरू झाली. वॉचमनने टोस्ट दिल्याचं कबूल केलं. आजींनी अर्धी पोळी दिली होती, वर तूप. "तूप किती?" काकांनी विचारलं. आजी म्हणाल्या, "मेलं तूप मोजून वाढतात का?" माझ्याकडेही नजर वळली. मी म्हटलं, मी काही दिलेलं नाही आणि आता मी दवाखान्यात फोन लावते आहे.

तोवर काकांनी सवयीने स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढला होता. तो त्यांनी क्षणभर हातात धरला, परत खिशात ठेवला, आणि इस्त्रीच्या शर्टासकट जमिनीवर पसरून आपला कान जिलेबीच्या बरगड्यांवर टेकवला. कोणी हसलं नाही.

"चालू आहे," ते म्हणाले. "पण लोडवर आहे."

फोनवर डॉक्टरीण बाईंनी हिरड्यांचा रंग विचारला. काकांनी ओठ वर करून पाहिलं. फिकट होत्या. उलटीचा फोटो काढा, पोटात काही घालू नका आणि लगेच घेऊन या, असं त्या म्हणाल्या. मागच्या सीटवर जुनी चादर टाकली, काका जिलेबीला मांडीवर घेऊन बसले आणि आम्ही गंगापूर रोडला निघालो. प्रत्येक गतिरोधकाला मागून आवाज यायचा, "सावकाश, ताई." एरवी मी ऐकून घेतलं नसतं.

दवाखान्यातल्या मुलीने मालकाचं नाव विचारलं. मी 'सोसायटी' म्हणणार तोच काका बोलले, "खैरनार." पुढे आद्याक्षरं, फ्लॅट नंबर, फोन, सगळं न विचारता सांगून टाकलं.

डॉक्टरीण बाईंनी जिलेबीला तपासलं, फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "द्राक्षं खाल्लीत का हिने?"

मला जरा हसू आलं. नाशकात, ऐन हंगामात, द्राक्षं खाल्लीत का? आमच्याकडे या दिवसांत पाहुणा रिकाम्या हाताने परत जात नाही आणि शेजारी पेटी पोचवल्याशिवाय झोपत नाही.

काका मात्र हसले नाहीत. "हो," ते म्हणाले. "भाच्याने बागेतली पेटी पाठवली सटाण्याहून. गोड होती. एक मी खायचो, एक तिला द्यायचो. काल संध्याकाळभर."

"काही कुत्र्यांना काहीच होत नाही," डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "आणि काहींची किडनी बंद पडते. कोणाला बाधतील ते आधी कळत नाही, म्हणून एकही द्यायचं नाही. बेदाणेसुद्धा नाहीत. आता सलाईन लावू, रक्त तपासत राहू. किडनी सावरली तर वाचेल. आज मी काही सांगू शकत नाही."

जिलेबीला सलाईन लागल्यावर काकांनी मोबाइल काढला. माझ्या पर्समध्ये सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज वाजला. 'बिघाडाचे कारण सापडले. द्राक्षे. ऑपरेटरची चूक. ऑपरेटर: मी. पोळी व टोस्टवाले निर्दोष.' देशमुख आजींनी खाली जोडलेले हात टाकले.

जिलेबीला तिथेच ठेवून घेतलं. काका सकाळी जायचे ते दवाखाना बंद होईपर्यंत तिथेच. त्यांना कोण जेवायला घालणार, म्हणून डबा मी पोचवायचे. पहिले दोन रक्ताचे रिपोर्ट वाईट आले. काकांनी ते मला दाखवले आणि घडी घालून खिशात ठेवले.

त्यानंतरच्या दुपारी डबा घेऊन गेले, तर पडद्यामागून कोणीतरी बोलत होतं. आवाज ओळखीचा होता, बोलणं नव्हतं. "काय व्हयनं माय तुले? भिऊ नको. मी आठेच शे." इथेच आहे, असं काहीसं. मग कुठल्याशा विहिरीची गोष्ट, कोणाच्या तरी लग्नात रुसलेला बैल, कोणी भाकरी कशी करपवली ते. थांबायचं नावच नाही. दोन शब्दांत पंपाचा खोकला सांगणारे खैरनार काका धबधब्यासारखे बोलत होते, अहिराणीत.

मी डबा वाजवून आत गेले. काकांनी गोष्ट अर्ध्यावर सोडली.

"आजचा रिपोर्ट बरा आहे," ते आमच्या नेहमीच्या मराठीत म्हणाले. "किडनीने लोड घेतला."

जिलेबीने डोळे उघडले होते. मी विचारलं, "घरी अहिराणी बोलता होय? कधी कळलंच नाही."

"सौ. होती तोवर," ते म्हणाले. "मुलीला समजते, बोलत नाही. कारखान्यात दोघं-तिघं होते बागलाणचे. आता..." त्यांनी सलाईनची नळी उगाच सरळ केली. "हिला सगळं समजतं."

मी डबा उघडला. पोळी-भाजी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी घास घेतला, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, तुम्ही दोन-चार वाक्यं शिकून ठेवा. मी मुलीकडे पुण्याला गेलो, तर हिच्याशी बोलायला कोणी पाहिजे."

काका कधीही पुण्याला जात नाहीत. मुलगी बोलावून थकली, हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे.

जिलेबी आता घरी आहे, थोडी बारीक झाली आहे. रोज संध्याकाळी चहा झाला की मी खाली जाते. कुत्री मधे झोपलेली असते, काका एक वाक्य सांगतात आणि मी ते तिच्याकडे बघून म्हणते. उत्तर काका देतात.