चेटकिणीला लेखी आश्वासन

"नाटकाची जाहिरात कशी करायची, हे कोल्हापुरात एकट्या जिनेंद्र मगदूमला कळतं!" असं मी चारचौघांत सांगत असे. जिनेंद्र मगदूम म्हणजे मीच. दुसरं कोणी सांगायला तयार नव्हतं, म्हणून हे कामसुद्धा मलाच करावं लागायचं.

माझं शेतीपंपाचं दुकान आहे आणि उरलेल्या वेळात मी संगीत नाटकं लिहितो. दुकानाला गिऱ्हाईक कमी असल्यामुळं नाटकं बरीच झालीत. ताजं नाटक 'संगीत तानाबाई'. चेटकिणीची गोष्ट लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. ती राजकन्येला मांजर करते, राजा तिची झोपडी पाडून तिला हाकलून देतो, आपण टाळ्या पिटतो आणि झोपून जातो. मी म्हटलं, अरे, त्या बाईला कुणी विचारलं का, बाई गं, असं का केलंस म्हणून? माझ्या नाटकात राजकन्या स्वतःच रडत येते. "मावशी, त्या राजपुत्राशी लग्न करण्यापेक्षा मला मांजर कर!" तानाबाई पडली दयाळू. केलं मांजर! एवढाच काय तो गुन्हा! एकूण तीन अंक, सतरा पदं. आणि तिसऱ्या अंकात तानाबाईचं अकरा मिनिटांचं पद, ज्यात ती पहिल्यांदा आपली बाजू मांडते.

खरं सांगायचं तर ते पद म्हणजेच नाटक. बाकी सगळा त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता. आणि ते गाणार होती माझी बायको, प्रियदर्शनी.

प्रियदर्शनी लग्नाआधी हातकणंगल्यात गायची. लग्न झालं आणि तिचं गाणं पूजेच्या आरत्यांपुरतं उरलं. का उरलं, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. बावीस वर्षांनी मी ते पद तिच्या हातात दिलं, तेव्हा तिनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हे मी म्हणणार. दुसऱ्या कुणाला दिलंसा तर बघा!" मग सहा महिने तिनं दही बंद केलं, लोणचं बंद केलं, फ्रीजचं पाणी बंद केलं. ते माझंही बंद झालं, कारण फ्रीजच बंद केला! पहाटे गच्चीचं दार आतून लावून रियाज. तालमीत सुद्धा फक्त पहिली ओळ म्हणायची आणि पुढं हात हलवायची. "अख्खं गाणं त्या दिवशीच. माझे आप्पा येणार हायती ऐकायला." पेटीवाल्यानं सुद्धा ते पद पुरतं ऐकलेलं नव्हतं.

राजाच्या भूमिकेत होते आमचे बाहुबली काका. नाव बाहुबली, वजन अठ्ठेचाळीस किलो, त्यात मुकुट तीन किलोचा! काकांची हयात सरकारी कचेरीत गेली. दारात मोर्चा आला की साहेब मागच्या दारानं जायचे आणि पुढच्या दारात काका उभे राहायचे. निवेदन घ्यायचं, मान डोलवायची आणि लेखी आश्वासन द्यायचं. तेहेतीस वर्षं! त्यांच्या हातनं एकही मोर्चा रागानं परत गेला नाही, असं ते अभिमानानं सांगतात. मला वाटलं, राजाला याहून अनुभवी माणूस कुठला मिळणार?

आता जाहिरात. नाटक म्हटलं की लोक पास मागतात आणि पास दिला की येत नाहीत. म्हणून मी डोकं लढवलं. नाटकाचं नावच घ्यायचं नाही! चौकाचौकांत फ्लेक्स लावले. प्रियदर्शनीचा केस विस्कटलेला फोटो आणि खाली लाल अक्षरांत, 'तानाबाईला न्याय मिळालाच पाहिजे! बावीस वर्षं गप्प बसली, आता बोलणार! रविवारी सकाळी अकरा वाजता. यायलाच लागतंय!' त्याखाली सभागृहाचं नाव आणि माझा मोबाइल नंबर. वेळ सकाळची, कारण आमच्या नाट्यमंडळातली निम्मी माणसं जैन, सूर्यास्ताच्या आत जेवणारी. रात्रीच्या प्रयोगात त्यांचं लक्ष नाटकात नसतं, पोटात असतं.

मंगळवारी फ्लेक्स लागले. बुधवारी सकाळी पहिला फोन.

"काय ओ पावणं, ह्या तानाबाई कुठल्या? कळंब्याच्या काय?"

मी खूश! मुद्दामच गूढ आवाज काढला. "ते रविवारी कळंल."

"खरं, झालंय तरी काय त्यांचं?"

"घर पाडलं की ओ त्यांचं!"

"आं? नोटीस बिटीस?"

"कसली नोटीस! राजानं सांगितलं, पाडलं!"

"कुठला राजा?"

"ते पण रविवारी!"

दिवसभरात असे एकसष्ट फोन आले. मी प्रत्येकाला आणखी थोडं थोडं सांगत गेलो. बाई एकटी हाय, जंगलाच्या कडंला राहत्या, गावानं वाळीत टाकल्या, पोरगीचं भलं करायला गेली आणि नाव बद झालं. संध्याकाळी एक म्हातारी फोनवर रडली, हो! मी बायकोला म्हटलं, "बघितलंस? याला म्हणतात जाहिरात!"

ती म्हणाली, "लोकास्नी ह्यो नाटकाचा इषय हाय, हे म्हाईत हाय न्हवं?"

"अगं, असणारच की!"

असणार होतं कुठनं? मी कुणाला सांगितलंच नव्हतं!

गुरुवारी दुकानात आकाराम बापू आले. बापूंना ओळखत नाही असा माणूस आमच्या भागात नाही. पाण्याची कृती समिती, खड्ड्यांची कृती समिती, खड्डे बुजवताना झालेल्या धुळीची कृती समिती, सगळ्यांचे अध्यक्ष बापू. बरोबर फेटे बांधलेले सात-आठ जण. बापूंनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"जिनेंद्रराव, एकटं लढू नका. कोल्हापूर अजून जित्तं हाय! 'तानाबाई न्याय हक्क कृती समिती' काल स्थापन झाली. तुम्ही निमंत्रक!"

इथं मी सांगायला पाहिजे होतं. शप्पथ सांगतो, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बापू म्हणाले, "रविवारी माणूस किती लागंल? पाचशे बास?"

पाचशे! माझ्या मागच्या नाटकाला एकवीस माणसं होती आणि त्यातली सतरा रंगमंचावर! मी उघडलेलं तोंड मिटलं आणि चहा मागवला.

शुक्रवारी समितीनं एका कचेरीत निवेदन दिलं. 'तानाबाईंचे तात्काळ पुनर्वसन करावे.' शनिवारी रिक्षा फिरली. "तानाबाईंवरील अन्यायाविरोधात जाहीर मेळावा! तानाबाईंच्या आमरण उपोषणाचा चौथा दिवस!" मी पोहे खात होतो, घास तिथंच अडकला. समोर उपोषणाला बसलेली तानाबाई दुसऱ्यांदा पोहे वाढून घेत होती.

प्रियदर्शनीनं ताटली खाली ठेवली. "अहो, आत्ताच्या आत्ता त्या बापूंस्नी फोन करा. नाटक हाय म्हणून सांगा."

"आणि ते आलेच नाहीत तर? पाचशे माणसं ऐकतील तुझं गाणं! पाचशे! एकदा पडदा वर गेला की कळंलच की त्यांना."

तिनं ताटली परत उचलली. पाचशे हा आकडा तिलाही लागला असावा. बावीस वर्षांत तिचं गाणं पाच माणसांनी सुद्धा बसून ऐकलेलं नव्हतं. "तिसऱ्या अंकापर्यंत बसतील न्हवं?" तिनं हळूच विचारलं.

"बसतील म्हणजे? उठवावं लागंल त्यांना!"

रविवारी साडेदहालाच सभागृह गच्च! बाल्कनीत माणसं, पायऱ्यांवर माणसं. निम्म्यांच्या हातात फलक. पहिल्या रांगेत बापू आणि समिती, त्यांच्या शेजारी माझे सासरे आप्पा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कानाला नवं यंत्र लावून. हे तानाबाईंचे वडील, असं कुणीतरी सांगितलं. झालं! नांदीच्या आधीच आप्पांना फेटा, शाल, श्रीफळ! आप्पांना वाटलं, जावयाचं नाटक म्हणून आपला मान केला.

पडदा वर गेला. झोपडी दिसली आणि टाळ्या पडल्या. तानाबाई आली आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. "तानाबाई, आगे बढो!" मी विंगेत उभा, अंगावर काटा आला. प्रियदर्शनीनं पहिलं छोटं पद म्हटलं तर चक्क शांतता! बायका पदरानं डोळे पुसत होत्या. पुनर्वसनाची मागणी गाण्यातनं चाललीय असं समितीला वाटलं, आणि आंदोलनात शाहिरी असतेच की. माझ्या शेजारी राजकन्या झालेली आमची आदिती मांजराच्या शेपटीसकट वाट बघत उभी होती. मी तिला म्हटलं, "बघ तुझा बाप!"

मग बाहुबली काका आले. मुकुट एका हातानं सावरत त्यांनी आरोळी ठोकली, "शिपाई हो! पाडा ह्या चेटकिणीची झोपडी!"

प्रियदर्शनी पुढं धावली. "महाराज! माझं ऐकून तर घ्या!"

आता पुढचं वाक्य काकांचं होतं, 'चेटकिणीचं ऐकायला मला वेळ नाही!' पण ते वाक्य आजतागायत आलेलं नाही. कारण पहिल्या रांगेतनं बापू उठले.

"ओ महाराज! पाडतो म्हंजे काय? पाडून दाखव!"

त्यांच्या मागनं सात फेटे, फेट्यांच्या मागनं फलक, आणि बघता बघता शंभरभर माणूस रंगमंचावर! भाल्यांसकट शिपाई विंगेत पळाले. मी ओरडलो, "अहो, नाटक आहे, नाटक!" बापू मागं वळून म्हणाले, "ते आम्हालाबी दिसतंय जिनेंद्रराव. सगळी नाटकंच चाललीत त्यांची!"

अजूनही सगळं सावरलं असतं. काकांनी एक डरकाळी फोडली असती तर माणसं हसून खाली बसली असती. पण समोर फेटे, फलक, घोषणा, आणि हातात निवेदन! काकांचा चेहरा एकदम शांत झाला. मुकुट काढून त्यांनी सिंहासनावर ठेवला, शर्टाच्या खिशात असतं तसं अंगरख्यात पेन चाचपलं, आणि ते सापडलं, हो!

"निवेदन द्या," काका म्हणाले. "लेखी देतो."

काकांनी राजाच्या फर्मानाच्या पाठीवर झरझर लिहिलं. झोपडी पाडली जाणार नाही, तानाबाईंवरचे सर्व आरोप मागं घेतले जातील, राजकन्येच्या बाबतीत आठ दिवसांत चौकशी केली जाईल. खाली सही, तारीख. बापूंनी ते मोठ्यानं वाचलं आणि सभागृह दणाणून गेलं. तीन अंकांचं नाटक एकविसाव्या मिनिटाला निकालात निघालं!

प्रियदर्शनी गर्दीतनं वाट काढत बापूंपर्यंत पोचली. "बापू, मला बोलायचं हाय. माझी बाजू सांगायची हाय. गाणं हाय माझं!"

"ताई, आता गरजच न्हाय!" बापूंचे डोळे भरून आले होते. "सगळं मान्य झालंय! तुम्ही आता एक शब्द बोलायचा न्हाय, लई सोसलंसा!" आणि उपोषण सोडवायचं म्हणून मोसंबीच्या थंडगार रसाचा ग्लास तिच्या तोंडाला लावला. सहा महिने जपलेला गळा! ती नको नको म्हणत होती आणि लोक म्हणत होते, किती स्वाभिमानी बाई हाय बघा. फोटो निघाले. मग कुणीतरी सावधान म्हटलं, पेटीवाल्यानं सवयीनं सूर धरला आणि राष्ट्रगीत झालं. ते झाल्यावर कुणी खाली बसत असतंय काय? पाच मिनिटांत सभागृह मोकळं!

आप्पा फेट्यासकट माझ्याजवळ आले. "जावईबापू, नाटक लहान हाय, खरं चांगलं हाय. पोरीला न्याय मिळाला." आणि हातकणंगल्याच्या गाडीला निघून गेले. प्रियदर्शनी झोपडीच्या दारात बसून होती. मी तिच्याकडं बघितलं आणि खुर्च्या गोळा करायला लागलो.

तीन दिवस ती माझं ताट वाढून गच्चीवर निघून जायची. तेवढ्यात समिती दुकानात येऊन माझा सत्कार करून गेली, तेही मी घरी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. स्वयंपाकघरात एक खुर्ची मांडलेली.

"बसा. अकरा मिनिटं. मधी बोलायचं न्हाय."

बसलो. तिनं डोळे मिटले आणि गायला लागली. काय सांगू तुम्हाला! रसामुळं गळा जरा बसला होता, पण त्या बसक्या आवाजानं पद असं काही उभं केलं की हे मी लिहिलंय हेच मला पटेना. 'मला कुणी विचारलंच नाही' ही ओळ ती फिरून फिरून घेत होती आणि दर वेळी ती तानाबाईची कमी आणि तिची जास्त वाटत होती. बावीस वर्षं एका घरात राहून मी एकदा तरी विचारलं होतं का? डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. मला ते सहनच होईना! मी ताडकन उठलो, तिच्यापुढं दोन्ही हात जोडले आणि मनापासून म्हणालो,

"कळलं गं मला सगळं! चुकलं माझं! तुझं शंभर टक्के बरोबर आहे! मान्य!"

ती थांबली. माझ्याकडं नुसतं बघितलं आणि भाजी चिरायला घेतली.

मी घड्याळात पाहिलं, चार मिनिटं झाली होती. उरलेली सात मिनिटं कोल्हापुरात अजून कुणीही ऐकलेली नाहीत.